तळाचा थर

बायको गेल्यापासून पाच महिने शिंपीकाकांनी खताचं पिंप एकदाही ढवळलं नव्हतं. वरून मात्र रोज टाकत होते. एका माणसाच्या भाजीची चार सालं, चहाचा चोथा, संपलं. ते पिंप तिचं. दर आठवड्याला ढवळायची, वाळका पाला घालायची, कोपरापर्यंत हात खुपसून ऊब बघायची. हे नाक मुरडून लांब उभे.

ढवळायचं राहिलं ते आळसानं नव्हे. तळाशी तिनं चिरलेल्या भाज्यांची सालं होती. त्यांत आपली मिसळली की तिचं म्हणून काही उरणारच नाही. असलं खूळ सांगणार कुणाला? लेक फोनवर म्हणायची, "बाबा, हवा लागली नाही की सडतं ते." हे नुसते हं हं करायचे.

शेवटी व्हायचं तेच झालं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाई खाली आल्या.

"काका, रागावू नका, पण खिडकी उघडायची सोय राहिली नाही. उद्या कचरागाडीत देऊन टाकू या का?"

"नको, नको! आजच ढवळतो."

दुपारी बाह्या सरसावून बसले. वरचा थर ओला, चिकट, घाणेरडा. तो त्यांचा. त्याखाली हात गेला तो काळ्याभोर, भुसभुशीत मातीत. मुठी भरभरून शोधलं, तिचं एकही साल सापडलं नाही. पाच महिने ज्याची राखण केली, ते केव्हाच माती होऊन बसलं होतं. पिंपात डोकं घालून ते हमसून हमसून रडले.

मग बोटांना काहीतरी टणक लागलं. पुसून पाहिलं, तर साखरेच्या डब्यातला चिमुकला चमचा!

याच चमच्यावरून दोघांत आठ दिवस अबोला होता. "तुम्हीच कुठंतरी टाकलात," ती म्हणायची. "चोथ्याबरोबर तूच फेकलास," हे म्हणायचे. तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

चमचा उंच धरून ते तरातरा स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"बघ! सांगत नव्हतो?"

ओट्यावर सकाळचा एकच कप पालथा होता. काकांनी उंचावलेला हात खाली घेतला.

"बरं, मीच टाकला असेन," ते हळूच म्हणाले, आणि चमचा धुवायला घेतला.