इंदुबाईच्या छातीतली फडफड

इंदुबाईला चक्कर यायची ती डोक्यावर टोपली असतानाच. भाईंदरच्या बंदरावर मासळी घ्यायची आणि थेट पेणकरपाड्यापर्यंत दारोदार विकत जायचं, हे तिचं लग्न झाल्यापासूनचं काम. पण त्या वर्षी मिठागराच्या बांधावरून चालता चालता छातीत एकाएकी फडफड सुरू व्हायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. ती टोपली उतरवून खाली बसायची. जरा वेळानं सगळं ठीक. एकदा मात्र बसायलाही सवड मिळाली नाही. बोंबील चिखलात पडले आणि बोंबलांवर ती.

मुलगा राघो तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथं खाटेवर निजवून कार्डिओग्राम काढला. अगदी चांगला निघाला.

"दमल्या असतील आता टोपलीला," रात्री सून सुलू नवऱ्याला म्हणाली. "सरळ सांगायचं ना. आजाराचं निमित्त कशाला?"

पडवीत निजलेल्या इंदुबाईनं ते ऐकलं. ते शब्द तिच्या मनातून जाईनात. आपलं अंगच कामचुकार झालंय की काय, असं तिचं तिलाच वाटायला लागलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "निजल्यावर त्रास होत नाही, तर चालताना बघू या." हॉस्पिटलात नवीनच यंत्र आलं होतं. खांद्याला अडकवायची पेटी, आत फिरणारी टेप, आणि पेटीतून निघालेल्या तारा छातीवर चिकटवायच्या. दिवसभर काळजाचे ठोके टेपवर उतरत राहायचे. चिकटवणारी मुलगी आशा, मूळची राजापूरची. इंदुबाई पेटी पदराखाली घेऊन घरी आली, दुसऱ्या दिवशी धंद्यावर गेली, बांधावर तिला अंधारीही आली. तिला बरंच वाटलं. आता तरी कळेल.

पण टेप पाहून डॉक्टरांनी मान हलवली. "बसला होतात तेव्हाचं स्वच्छ आहे. चालायला लागलात की नुसती गिचमीड. अंगाच्या हालचालीनं ठोके झाकले गेलेत."

"म्हणजे काय न्हायच सापडलं?"

"असेल काही, नसेलही. यावरून सांगता येत नाही."

राघो उठला. "पुरे झालं, आये. घरी बसून आराम कर."

इंदुबाई जागची हलली नाही. "मी खोटं बोलत न्हाय, डॉक्टर. पुन्हा लावा ती पेटी."

आशा तिथंच पेटीच्या तारा आवरत होती. तिनं विचारलं, "मावशी, टोपली कशी धरता? दाखवा बरं."

इंदुबाईनं हात वर केला. आशा पुढे होऊन निरखू लागली. हाताबरोबर खांद्याखालचं मांस वर ओढलं जात होतं, आणि तारेच्या टोकाची चकती नेमकी तिथंच चिकटवली होती. तार ताणली जात होती ती वेगळीच. "मी निजवून लावलं होतं ना," ती डॉक्टरांना म्हणाली. "उभं करून, हात वर असताना लावायला हवं. माझी आत्या भाईंदरलाच राहते. रविवारी मी पेटी घेऊन जाते."

डॉक्टरांनी परवानगी दिली, एका अटीवर. सोबत घरचं माणूस हवं, आणि अंधारी आली की लगेच बसायचं. राघो होडीवर जाणार होता. राहिली सुलू.

रविवारी सकाळी आशानं इंदुबाईला डोक्यावर टोपली घेऊन दाराआड उभं केलं. चकत्या या वेळी मांसावर नाही, छातीच्या मधल्या हाडावर आणि फासळ्यांवर लावल्या. घाम पुसून त्वचा कोरडी केली. तारांना सैल वळसा ठेवून तो पट्टीनं अंगाशी चिकटवला, म्हणजे पेटी हिंदकळली तरी ओढ चकतीपर्यंत पोचू नये. वरून लुगड्याचं फडकं घट्ट गुंडाळलं.

तिघी निघाल्या. मिठागरं मागं पडत होती, ऊन चढत होतं. आशा आत्याच्या गोष्टी सांगत होती. बोलता बोलता इंदुबाई थांबली.

"सुलू..."

सुलूनं वळून पाहिलं. सासूचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं टोपली ओढून घेतली, इंदुबाईला बांधावर बसवलं, पाठीला आपल्या गुडघ्याचा टेकू दिला. मग ती पदरानं वारा घालू लागली.

"आये, डोळे उघडा. आये!"

आशानं घड्याळ पाहिलं आणि वेळ लक्षात ठेवली. थोड्या वेळानं इंदुबाईच्या ओठांवर रंग आला. "झालं," ती म्हणाली. "गेली फडफड."

या खेपेला टेप वाचता आली. डॉक्टरांनी तिच्यावरून उतरवलेली कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. एका चालीनं जाणारे ठोके, आणि एका जागी अचानक एकमेकांना भिडलेली उंच, दाट शिखरं. "इथं हृदय इतकं वेगानं धावलंय की डोक्यात रक्त पोचेना. औषध आहे यावर. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि ओझं उचलायचं नाही."

इंदुबाईनं त्या शिखरांवरून बोट फिरवलं. वाचता येत नसलं तरी ते तिचं होतं. सुलू शेजारीच उभी होती.

"मी बोलले होते काहीबाही," ती हळूच म्हणाली.

"बोलली हायस," इंदुबाई म्हणाली. "आता चल, गाडी चुकंल."

गोळ्या लागू पडल्या. दिवाळीनंतर टोपली सुलूच्या डोक्यावर आली. पेणकरपाड्यातल्या बायका तिला भावात गुंडाळू लागल्या, तेव्हा इंदुबाई रिकाम्या हातांनी तिच्याबरोबर जाऊ लागली. सुलू टोपली उतरवायची आणि भाव इंदुबाई सांगायची.