थंडीपुरती छबी

दिवाळी उरकली की निफाडकडं गाडीवाल्यांची एकच घाई असते. थंडी पडायच्या आत गाडीच्या रंगावर कुणाची तरी छबी बसवून घ्यायची. छबी म्हणजे आपली आरशात दिसते तीच. गाडी धुवायची, कोरडी करायची, अंगभर मेण लावायचं, आणि मेण ओलं आहे तोवर माणूस दारासमोर उभा करायचा. सकाळच्या चहापासून दुपारच्या भाकरीपर्यंत तो हलला नाही, की त्याची छबी रंगात बसते आणि शिमग्यापर्यंत रंगाला राखते. शिमग्याला मेण धुतलं की ज्याची छबी त्याला परत. मधले चार महिने त्या माणसाला आरशात काही दिसत नाही, एवढाच काय तो त्रास. म्हणून आमच्याकडं थंडीत भांग वाकडे निघतात, बायांचं कुंकू भुवईवर जातं, आणि मास्तर लोकांची एक मिशी आखूड, एक लांब. कुणी कुणाला हसत नाही.

मालकाची स्वतःची छबी बसत नाही, घसरून खाली जाते. आणि एका माणसाची एकाच गाडीला चालते.

छबी बसवली नाही तर पहिल्या कडाक्याला रंग कांद्याच्या टरफलासारखा सुटतो. नुसता रंग गेला असता तर चाललं असतं. पण बिनरंगाची गाडी माणसांना दिसत नाही. पलीकडच्या फाट्यावर सावळीरामचा टेंपो तीन वर्षं उभा आहे. लोक त्याला धडकतात, गुडघा चोळतात आणि पुढं जातात. सावळीराम आतच असतो. चहावाला अंदाजानं हवेत ग्लास धरतो आणि थोड्या वेळानं रिकामा परत घेतो.

तर ही गोष्ट रंभाजी कुटेची. विंचूर ते लासलगाव त्याची काळीपिवळी जीप चालायची. लग्न राहूनच गेलेलं, आईबाप मागंच गेलेले. हौसराव म्हणून एक जोडीदार होता, मागच्या फळीवर उभा राहून पुकारा करायचा आणि दहाच्या जागेत चौदा माणसं बसवायचा. बावीस वर्षं दर थंडीला रंभाजीच्या दारावर हौसरावचीच छबी असायची. या दसऱ्याला हौसरावचा पोरगा येऊन त्याला भिवंडीला घेऊन गेला.

रंभाजीनं फोन लावला. हौसराव म्हणाला, गुडघे पार गेलेत, तिसरा मजला आहे, उतरायचं कसं. मग म्हणाला, फोटो पाठवतो, तो धर गाडीसमोर. रंभाजीनं खरंच धरला. जीपला मेण लावलं आणि चहापासून भाकरीपर्यंत फोन दोन्ही हातांत धरून उभा राहिला. दुपारी बघतो तर मेणात बसला होता तो फोन. एक उजळ चौकोन, त्यात हौसराव नखाएवढा. संध्याकाळी तो चौकोनही विझला.

मग मेण पुसून त्यानं विचारायला सुरुवात केली. शेजारीण म्हणाली, माझी जावयाच्या गाडीला दिली, पहिलीच दिवाळी होती, नाही कशी म्हणू. न्हाव्याची भटजींच्या स्कूटरवर गेलेली. चहावाल्यानं तर दोघांना शब्द देऊन ठेवला होता आणि तो दोघांपासून लपत होता. सगळं गाव वापरून झालं होतं. राहता राहिली गाडीतली माणसं. एका खेपेला चौदा, दिवसाच्या आठ खेपा. कुणाची कंबर धरते, कोण झोपेत शेजारच्याच्या खांद्यावर कलंडतो, सगळं त्याला आरशातून पाठ होतं. पण दारात उभे राहता का असं विचारावं, तर एकाचंही नाव तोंडात येईना.

त्यात रेडिओवर सांगितलं, परवापासून पारा सहावर. द्राक्षवाले बागेत शेकोट्यांची लाकडं रचायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लासलगावला सगळी उतरली आणि मागच्या बाकाच्या कोपऱ्यातली बाई तेवढी मागं राहिली. कापडी पिशवी, पायात गड्यांच्या चपला. कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. अकरा वर्षं त्याच कोपऱ्यात बसत होती. भांग सरळ होता आणि कुंकू कपाळाच्या मधोमध होतं. रंभाजीनं ते बघितलं.

"बाई, तुमची छबी कुणाला दिली नाय?"

"मला कुणी विचारलंच नाय," ती म्हणाली.

तिचं नाव द्वारकाबाई आहेर. दुसऱ्या दिवशी खळ्यावर खाडा करून ती रंभाजीच्या अंगणात आली. गार वारं सुटलेलं. रंभाजीनं पहाटेच जीप धुतली होती, रॉकेलवर मेण धरत नाही म्हणून त्याचा बोळा कुठं फिरवला नव्हता, मऊ धोतराच्या फडक्यानं कोरडी केली होती. पुढच्या डाव्या दारावर त्यानं मेण गोल गोल चोळलं आणि बाजूला झाला. द्वारकाबाई पिशवी हातात घेऊनच उभी राहिली. त्यानं म्हटलं, पिशवी खाली ठेवा. ती म्हणाली, पिशवीशिवाय मला उभं राहताच येत नाय. मग राहू दिली.

उभ्या उभ्या तिनं सांगितलं की नवरा सोडून गेला त्याला चौदा वर्षं झाली, बहीण एक आहे जालन्याला. ओठ न हलवता सांगितलं, छबीचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून. रंभाजी पायरीवर बसून हं हं करत होता. आपल्या अंगणात बाईमाणसाचा आवाज किती मोठा येतो, असं त्याला वाटत होतं. दुपारी मेण सुकलं. दारावर द्वारकाबाई होती, पिशवीसकट, दोन्ही पाय नीट जमिनीवर.

थंडी पडली. दवानं पत्रे टपकायला लागले, पण जीपच्या रंगाला काही झालं नाही. काळा रंग असा झळकायचा की त्यात अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा मोजून घ्याव्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला द्वारकाबाई दारात. हातात फणी आणि कुंकवाची डबी. म्हणाली, आरशात काही दिसत नाय भाऊ, माझं तोंड तुमच्या दारावर आहे. रंभाजीनं जीप उजेडाला फिरवून दिली. ती दारासमोर वाकली आणि भांग काढायला लागली. छबी तसाच भांग काढत होती. तिथून रोजचं झालं. ती यायची, रंभाजी दोन कप चहा ठेवायचा. ती म्हणायची, चहात साखर टाकता की पोतं रितं करता. तो म्हणायचा, डायव्हरचा चहा आहे, प्यायचा तर प्या. हळूहळू त्यानं पुढच्या सीटवर माणूस बसवायचं बंद केलं. ते दार उघडायला नको वाटायचं. तिथं बसायला हट्टाला पेटलेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं सरळ सांगितलं, दार जाम आहे.

संक्रांत गेली. महाशिवरात्र गेली. दव पडायचं थांबलं. आता शिमगा आला की मेण धुवायचं आणि द्वारकाबाईला तिचं तोंड परत द्यायचं. मग ती घरच्या आरशात भांग काढणार. रंभाजीनं दोन दिवस यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी ती खळ्यावर गेल्यावर त्यानं डबा काढला आणि त्या दारावर मेणाचा दुसरा हात दिला. छबी आत सरकली, थोडी लहान दिसायला लागली. आठ दिवसांनी तिसरा हात दिला.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी गावभर गाड्या धुतल्या गेल्या. माणसं आपापल्या छब्या घेऊन घरी गेली. मास्तरनं मिशा सारख्या केल्या. द्वारकाबाई आली तेव्हा रंभाजी म्हणाला, अजून गारवा आहे. ती घामानं डबडबलेली होती. तशीच भांग काढून गेली. त्या दिवशी त्यानं चौथा हात दिला.

पाडव्याला ती नवं लुगडं नेसून आली. पिशवी फुगलेली. बहिणीच्या लेकीचं लग्न, जालन्याला जायचं, दुपारची रेल्वे. म्हणाली, इतक्या वर्षांनी चाललेय, तोंड घेऊन जावं म्हणते. रंभाजीनं बादली आणली. साबणानं धुतलं, गरम पाण्यानं धुतलं. द्वारकाबाई दारासमोर तोंड पुढं करून उभी राहिली. छबी निघेना. तिनं नखानं खरवडून बघितलं, नख मेणात गेलं आणि रंगापर्यंत पोचलंच नाही. तिनं नखाकडं बघितलं.

"किती हात दिलेत?"

"चार."

ती पायरीवर बसली, रोजच्या जागी. चहा तयार होता, पण दोघांनी घेतला नाही. रंभाजी म्हणाला, आठ दिवस द्या, घासून घासून काढतो. ती म्हणाली, लग्न परवा आहे. मग पिशवी उचलली.

"विचारलं असतं, तर रोज आले असते की भाऊ."

स्टेशनला ती चालत गेली. जीपमध्ये बसली नाही.

लग्न झालं, पंधरा दिवस झाले, ती आली नाही. दारावर मात्र होती. तिकडं ती जे करायची ते दारावर दिसायचं. सकाळी चुलीपुढं बसायची, चूल दिसायची नाही, नुसती ती फुंकताना दिसायची. कुणाला तरी भरवायची. दुपारी कुणाशी तरी बोलता बोलता तोंडाला पदर लावून हसायची, आणि रंभाजी मागं वळून बघायचा, मागं कुणी नसायचं. भांग चाचपून काढायची, तो वाकडा जायचा. रंभाजी दाराला तोंड लावून सांगायचा, डावीकडं घ्या, अजून डावीकडं. रोज थोडं मेण घासायलाही बसायचा. एक हात निघाला, दुसरा निघाला. तिसराही निघाला. शेवटच्याला त्याचं मनगट चालेना. हा निघाला की ती दारावरही राहणार नाही, हे त्याला कळत होतं. मेणही उन्हानं पातळ व्हायला लागलेलं.

वैशाखातली सकाळ. जीपमध्ये बारा माणसं, पुढची सीट मोकळी. विंचूर सोडलं आणि रंभाजीची नजर डाव्या आरशात गेली. आरशात दार दिसत होतं आणि दारावर द्वारकाबाई उभी होती, पिशवी धरून, रस्त्याच्या कडेला उभं राहतात तशी. तिनं हात केला.

रंभाजीनं ब्रेक मारला. माणसं एकमेकांवर आदळली. मागून कुणी तरी म्हणालं, इथं कोण चढतंय.

"बाई आहेत," रंभाजी म्हणाला.

तो उतरला आणि वळसा घालून डाव्या बाजूला आला. ती तशीच उभी होती, हात वर, त्याच्याकडं न बघता त्याच्या मागच्या रस्त्याकडं बघत. त्यानं सीटवरची धूळ झटकायची म्हणून खिडकीतून आत हात घातला, मग कडी ओढून दार उघडलं. दार उघडलं तशी ती दाराबरोबर फिरून पलीकडं गेली. सीट मोकळी होती. त्यानं दार लावलं. ती पुन्हा समोर आली, बाहेर, हात वर केलेला. त्यानं पुन्हा दार उघडलं, आणि ती पुन्हा पलीकडं गेली.

मागं एकाची एस.टी. चुकत होती. रंभाजीनं दार लावलं. मग परत कडीला हात घातला, या वेळी अगदी सावकाश.