दोन वायरी निरोपाच्या

वामनरावांचं नाक म्हणजे एकेकाळी जंगल खात्याची मालमत्ता होती. हसू नका, खरंच सांगतो. चौतीस वर्षं वनरक्षकाची नोकरी करताना त्यांनी सिंदेवाहीपासून आलापल्लीपर्यंतचं जंगल पायाखाली घातलं. उन्हाळ्यात कुठे वणवा लागला की साहेब लोक दुर्बीण बाजूला ठेवून आधी त्यांच्या तोंडाकडे पाहायचे. वामनराव मान वर करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "साग नाई हा. बांबू जळून राह्यला, नाल्याच्या पल्याड." जाऊन पाहावं तर बांबूच. मोहाच्या दिवसांत फुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. तो धूर त्यांना दोन कोसांवरून कळायचा, आणि गडी सायकल काढून रागवायला निघायचा. त्या बायांच्या अगदी नाकी नऊ आणले होते या नाकानं.

आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हेच नाक गेलं. ताप आठ दिवसांत उतरला, वास मात्र परतला नाही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ते अजून हळूहळूच येतं आहे. डोळे शाबूत, गुडघे शाबूत, पण फोडणीतला लसूण काय आणि न्हाणीघरातला साबण काय, सगळं पाण्यासारखं. एवढ्यावर भागलं असतं तर ते रडत बसले असते. पण एक गंमत उरली होती. झोपेत वास यायचे. डोळा लागला की कुठून तरी तेंदूच्या ओल्या पानांचा वास येई, तांदळाच्या पेजेचा येई, माधवीच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा येई. जाग आली की संपलं. म्हणून सेवानिवृत्त माणूस दुपारी दोन-दोन तास झोपतो, असं लोकांना वाटायचं. हा माणूस खरं तर तिकडे वास घ्यायला जायचा.

माधवी म्हणजे त्यांची बायको. नाक गेल्यावर तीच त्यांचं नाक झाली. दुसऱ्या खोलीतून ओरडायची, "अवो, दूध लागलं जी!" आणि वामनराव चहाचं भांडं उतरवायला धावायचे, कारण घाईत त्यांना नेहमी चुकीचंच भांडं दिसायचं. मागच्या पोळ्यानंतर माधवी गेली. मग मुलगी संघप्रिया त्यांना दोन महिने पुण्याला घेऊन गेली. अकराव्या मजल्यावरचं घर, सगळी सोय, जावई भला माणूस. पण त्या दोन महिन्यांत स्वप्नात एकही वास आला नाही. एकही नाही. ना तेंदू, ना पेज, ना तेल. वामनराव कुणाला काही बोलले नाहीत, पण मूल गावातल्या आपल्या घरी परतले आणि पहिल्याच दुपारी खोबरेल तेल आलं, तेव्हा उशीत तोंड खुपसून पोटभर रडले.

आता या फाल्गुनात त्यांच्या हातून वरण जळलं. नुसतं लागलं नाही, जळलं. पातेलं काळं, छत काळं, आणि वामनराव शेजारच्याच खोलीत शांतपणे पेपर वाचत बसलेले. शेजारच्या ठमाबाईनं धूर पाहिला, धावत येऊन गॅस बंद केला, आणि वर पुण्याला फोनही केला. संघप्रिया एवढंच म्हणाली, "बाबा, आता बस झालं. इथी या." पुष्कळ हो-नाही झालं. शेवटी सौदा असा ठरला: घरात चोरांसाठी बसवलेला अलार्म आहेच, दार उघडलं तरी तिच्या मोबाईलवर निरोप जातो. त्यालाच धूर ओळखणारी डबी जोडायची. रविवारी ती गाडी घेऊन येणार. तोवर घरातला धूर पुण्यात पोहोचला तर बाबा मूललाच. नाही पोहोचला तर बाबा गाडीत. बॅग तिनं व्हिडिओ कॉलवर समोर बसवून भरून घेतली होती, आणि ती कपाटाशेजारी पाहुण्यासारखी उभी होती.

शनिवारी सकाळी तहसीन आली. मूलच्या बाजारात फारूक इलेक्ट्रिकवाल्याचं दुकान आहे, त्याची ही मुलगी. आयटीआय केलेली, तिशीतली, कमरेला हत्यारांचा पट्टा. तिनं डबी तळहातावर ठेवून वामनरावांना दाखवली.

"काका, याले चार वायरी. या दोन जेवणाच्या, म्हणजे अलार्मच्या पॅनलमधून करंट येते. आणि या दोन निरोपाच्या. धूर दिसला की आतमधी टिक् होते आणि निरोप पॅनलले जाते."

"दिसला? वास नाई घेत?"

"वास कुठचा घेते? आतमधी उजेड असते, धूर त्याच्या आडवा आला की हिले कळते."

वामनराव जरा नाराज झाले. आपल्या जागी नेमलेल्या माणसाला काम येत नाही असं कळावं, तसं वाटलं त्यांना. पण गरजवंताला निवड कुठली? तिनं शिडी लावली, ड्रिल सुरू केलं. पांढरी भुकटी कवडशातून हळूहळू खाली येऊ लागली. खिडकीबाहेर राईस मिलचा भोंगा वाजला, लांबवर पळस नुसता पेटलेला, आणि हवेत मोहाच्या दिवसांतली ती धुरकट, पिवळी सुस्ती. वामनराव खाटेवर टेकले ते टेकलेच.

ते आलापल्लीच्या क्वार्टरमध्ये होते. माधवी नवी नवरी, चुलीत ऐनाचं लाकूड सरकवत होती, आणि त्या धुराचा वास असा स्पष्ट येत होता, असा जवळून, की वामनरावांना स्वप्नातच हायसं वाटलं. दारात कोणी बाई वही घेऊन उभी होती, जनगणनेची असावी. विचारत होती, "हिचं नाव काय टाकू?" काय हा प्रश्न! अख्ख्या आलापल्लीला ठाऊक आहे. "माधवी," ते म्हणाले. बाईनं टक टक करून लिहून घेतलं. माधवीनं वळून पाहिलं, काही बोलणार होती.

"काका, उठा. झालं."

तहसीन शिडी मिटवत होती. भिंतीवरून पट्टी नीट गेलेली, छताला डबी, तिच्यात बारीक हिरवा दिवा. तिनं पॅनलवरचं बटण दाबलं, सायरन बोंबलला, तिनं बंद केला. "हे घ्या. मोबाईलचा निरोप मी आत्ता बंद ठेवला आहे, ताई उगाच घाबरतील. जाताना चालू करतो."

"थांब बेटा," वामनराव म्हणाले. "बटण दाबून लागणारी आग मी अजून पाह्यली नाई."

ते आतून सूप घेऊन आले. त्यात एक अगरबत्ती, मूठभर सागाची पानं, मूठभर मोहाची पानं. पहाटे कालव्याच्या काठानं फिरून गोळा केलेली. नोकरीतही त्यांची हीच खोड होती. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा मोकळा पट्टा, साफ झाली म्हणून कुणी शपथ घेतली तरी हे पलीकडे पाला पेटवून पाहिल्याशिवाय कागदावर सही करत नसत. तहसीननं कपाळाला हात लावला, पण हसली.

अगरबत्ती डबीखाली धरली. दिवा लाल झाला, सायरन वाजला. तहसीननं आकडे दाबून सायरन गप्प केला, खिडक्या उघडल्या. वामनरावांनी लोखंडी घमेल्यात सागाची पानं पेटवली, घमेलं वर धरलं. भरपूर धूर निघाला. सायरन गप्प. हात भरून आले तरी गप्प.

"दिवा तर लालच आहे," तहसीन म्हणाली.

"मघाचाच लाल आहे तो. विझलाच नाई. पहिल्यांदा बोलली आणि मग रुसून बसली तुझी डबी."

तिचा चेहरा उतरला. पॅनल उघडलं, मीटर लावला, निरोपाच्या वायरी सोडून पुन्हा बांधल्या. दोनदा रीसेट केलं; दिवा लालच. तास गेला. वामनरावांची नजर सारखी कपाटाशेजारच्या बॅगेकडे जात होती. उद्या या वेळी गाडीत असू, असं त्यांच्या मनात आलं. तो अकरावा मजला, ती कोरी झोप. तिथून माधवीपर्यंत जायला रस्ताच नाही. भीती वाटली त्यांना, वाघ समोर आला होता तेव्हाही वाटली नव्हती एवढी.

"अरे देवा," तहसीन एकदम म्हणाली. "चूक माझीच आहे, काका. निरोपाच्या वायरी बरोबर आहेत. मी जेवणाच्या चुकीच्या जागी लावल्या."

मग तिनं समजावलं. एकदा धूर चढला की या डबीच्या डोक्यातून तो आपोआप उतरत नाही. क्षणभर तिचा करंट तोडावा लागतो, उपाशी ठेवावं लागतं, मग ती शुद्धीवर येते. पॅनलवर त्यासाठी वेगळी जागा असते, रीसेट केलं की तिथला करंट क्षणभर जातो. तहसीननं घाईत शेजारच्या जागेवर वायर कसली होती, जिथला करंट कधीच जात नाही. "बटणावर भरोसा ठेवून गेलो असतो तर पहिल्या धुरानंतर ही कायमची मुकी झाली असती. तुमची पानं होती म्हणून वाचलो."

तिनं वायर हलवली, रीसेट केलं. लाल दिवा विझला, हिरवा लागला. मोबाईलचा निरोप चालू केला. वामनरावांनी मोहाची पानं घमेल्यात टाकली, काडी लावली आणि घमेलं दोन्ही हातांनी वर धरलं. सायरन असा वाजला की ठमाबाई कुंपणापाशी आली. तहसीननं तो बंद केला. दोघं टेबलावरच्या फोनकडे पाहत उभे राहिले.

फोन वाजला. वामनरावांनी स्पीकर लावला.

"हो बेटा, घाबरू नको. टेस्ट आहे."

पलीकडून संघप्रियाचा आवाज आला, बारीक. "बाबा, निरोप वाचू का? 'घर. माधवी. धूर.'"

वामनरावांनी तहसीनकडे पाहिलं.

"तुम्हीच तर सांगितलं, काका," ती गोंधळून म्हणाली. "डबीला नाव द्यावं लागते. मी विचारलं, हिचं नाव काय टाकू. तुम्ही डोळे मिटून म्हणाले, माधवी. लोक काहीही नावं देतात, मले वाटलं असेल काही. बदलून देतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"बदलू नका," फोनमधून आवाज आला. संघप्रिया रडत होती, लपवत नव्हती. "मी होस्टेलवर होतो तवा आई असाच फोन करे. आज तुझ्या बाबानं सागाचा पाला जाळला, आज बांबूचा. बाबा, काय जळून राह्यलं?"

"मोहाचा पाला."

"कसा वास येते?"

मले काय मालूम, असं ओठांवर आलं होतं. पण हातात घमेलं गरम होतं, धूर डोळ्यांत जात होता, आणि वामनरावांनी डोळे मिटले. "आधी कडवट येते," ते म्हणाले. "घशाले लागते. मग मागून गोड. गुळाच्या ढेपेवर ऊन पडलं ना, तसं. आणि अगदी शेवटी ओल्या मातीचा." आठवून सांगतो आहोत की येतो आहे, ते त्यांना कळेना, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. तहसीननं नाक वर करून हुंगलं आणि मान डोलावली.

फोनमध्ये नाक पुसल्याचा आवाज आला.

"बाबा, उद्या येतो मी," संघप्रिया म्हणाली. "न्यायला नाई. पुरणपोळी खायला. घरावर आईची नजर आहे, तर मी कशाले मधात पडू?"

वामनरावांनी घमेलं खाली ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि बॅगेची चेन उघडायला खाली बसले.