डॉक्टरबाईंची किंकाळी

मी किंचाळले. टाचा उचलून, दोन्ही हात गालांवर ठेवून, अगदी बेंबीच्या देठापासून. टेबलावरच्या काचेच्या नळ्या किणकिणल्या, आईचा हात बाटलीवरच थांबला आणि जिन्यावरून फिटरकाका धापा टाकत वर आले.

"मॅडम! काय झालं? गळती?"

"काही नाही. आमच्या घरचा भोंगा वाजतोय," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "इथे नाही किंचाळायचं. किती वेळा सांगू? इथे कोणी ओरडलं की माणसं पळतात."

फिटरकाका हसले, पण त्यांच्या कपाळावरचा घाम खरा होता.

माझी आई पाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. आख्खं शहर जे पाणी पितं, ते आधी तिच्या टेबलावर येतं. त्या दिवशी मी तिचा जुना पांढरा कोट न्यायला गेले होते. शाळेच्या नाटकात मी डॉक्टरबाई होते! गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा इतकी हळू 'हजर' म्हणायचे की सर मला गैरहजर मांडायचे. आणि यंदा निवड चाचणीत मी अशी काही किंचाळले की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी जमली. नाटकाच्या बाई म्हणाल्या, "मिळाली! मला माझी डॉक्टरबाई मिळाली!" तेव्हापासून मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

"पण ही डॉक्टरबाई किंचाळते का एवढी?" आईने विचारलं.

"अगं, बाईंनी आम्हाला एक जुना सिनेमा दाखवला. काळा-पांढरा. तळ्यातून राक्षस येतो. त्याला मारायला एका मोठ्या शास्त्रज्ञांना बोलावतात, विमानातून उतरते ती बाई! सगळे पुरुष एकमेकांकडे बघत राहतात, की अरेच्चा, हे डॉक्टर म्हणजे बाई निघाल्या."

"मग?"

"मग ती सूक्ष्मदर्शकात बघते. दोनदा. मी मोजलं. मग चष्मा काढते आणि सगळ्यांना कळतं की ती सुंदर आहे. मग राक्षस येतो, तिचा पाय मुरगळतो आणि ती सात वेळा किंचाळते. हीरो तिला ओढत तळघरात नेतो आणि वाचवतो."

"आणि संशोधन?"

"ते हीरो पूर्ण करतो. ती कॉफी आणते. शेवटी तो म्हणतो, आता प्रयोगशाळा पुरे. ती हसते. संपला."

"पाय मुरगळल्याची भरपगारी रजा तरी मिळाली का तिला?" आई म्हणाली आणि फिटरकाका खो खो हसले.

"आई, तू कधी किंचाळलीस गं इथे?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर उंच खांबावर नारिंगी कापडाची लांबट पिशवी आहे, वारा कुठून कुठे वाहतोय ते दाखवणारी. आई रोज कामावर आली की साहेबांच्या आधी त्या पिशवीकडे बघते. मला ते फार विनोदी वाटायचं.

"काका, आज क्लोरीनचा नवीन सिलिंडर जोडताय ना?" तिने विचारलं. "वायसर नवा लावा."

"स्टोअरमध्ये संपलेत, मॅडम. साहेब म्हणतात, जुनाच चालवून घ्या आजच्या दिवस."

आईचा चेहरा बदलला. "शिशाचा वायसर एकदाच दबतो. दुसऱ्यांदा तो नुसता बसल्यासारखा दिसतो. थांबा, मी बोलते साहेबांशी." जाता जाता तिने माझा दंड धरला. "क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. भोंगा वाजला तर?"

"वर जायचं, वाऱ्याला आडवं. पाठ आहे गं आई!"

पाठच होतं. तोच तर घोटाळा झाला.

आई साहेबांच्या खोलीत गेली आणि मी कोट चढवून पंपघरात उतरले. पंपघर जमिनीखाली आहे, बावीस पायऱ्या उतरून. तिथे पंप इतका घोंघावतो की माणसाने कितीही गळा काढला तरी वर चिटपाखराला कळत नाही. माझ्यासारखीला यापेक्षा चांगली जागा कुठली? मी तीनदा किंचाळले. तिसरी तर अशी जमली की माझ्याच अंगावर काटा आला.

चौथीसाठी श्वास घेतला आणि खरा भोंगा वाजला.

 'वर जायचं' हे वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी होतं, पण त्याच्या पुढे तो काळा-पांढरा सिनेमा उभा होता. तळघर, बंद दार, वाचलेली माणसं. मी वर गेले नाही. पंपाच्या मागे जाऊन भिंतीला पाठ लावून बसले आणि मला वाटलं, मी हुशारी केली.

वर काय चाललं होतं ते मला नंतर फिटरकाकांनी सांगितलं. आई साहेबांशी भांडत होती तोवर सिलिंडरच्या शेडमध्ये दुसऱ्याच माणसाने जुना वायसर लावून सिलिंडर उघडला होता. आई आणि काका मुखवटे लावून, पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन आत गेले. आईच्या हातात अमोनियाची छोटी बाटली होती. ती सांध्यापाशी धरली की जिथे क्लोरीन गळतो तिथे पांढरा धूर उठतो. धूर उठला, काकांनी व्हॉल्व्ह आवळला. मग आईने, भोंगा ऐकून केंद्रामागच्या टेकाडावर जमलेली माणसं मोजली. सगळी होती. मी नव्हते.

"मॅडम, तुम्ही थांबा," साहेब म्हणाले. "कोणीतरी पुरुषमाणूस जाईल."

सगळ्या पुरुषमाणसांनी एकमेकांकडे बघितलं. तोवर मी कुठे असेन ते ओळखून आई पंपघराच्या निम्म्या वाटेवर पोचली होती.

मला खाली यातलं काही माहीत नव्हतं. आधी वास आला, फरशी पुसायच्या पावडरीचा असतो तसा. पण तो वास नाकात थांबेना, डोळ्यांत शिरला, घशात शिरला. मग मला ते दिसलं. वरच्या पायऱ्यांवर हिरवट-पिवळं काहीतरी साचलं होतं आणि ते खाली येत होतं. धावत नाही, झेप घेत नाही. एक पायरी भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी. त्याला तोंड नव्हतं. तळ्यातल्या राक्षसाला निदान तोंड होतं.

आणि त्यातून कोणीतरी उतरलं. काचेचे दोन गोल डोळे, सोंडेसारखी नळी, पाठीला कुबड, आणि त्या कुबडातून बारीक शिट्टी वाजत होती. मी किंचाळायला तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. आत गेला तो जाळ. खोकत खोकत मी गुडघ्यांवर आले, आणि तेव्हा मला त्या राक्षसाच्या चपला दिसल्या. डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. कालच मी तिला म्हटलं होतं, आई, टाक आता त्या.

तिने माझ्या तोंडावर तळवा घट्ट दाबला. तो तळवा इतका थरथरत होता की माझे दात एकमेकांवर आपटत होते. मग तिने मोठा श्वास घेतला, मुखवटा उतरवला आणि माझ्या तोंडावर चढवला. शिट्टी वाजते म्हणजे टाकीतली हवा संपत आलीय. राहिलेली हवा एकीपुरतीच होती.

आम्ही चढलो. टाकी तिच्या पाठीवर, मुखवटा माझ्या तोंडावर, मध्ये हातभर नळी. ती मला पुढे ढकलत होती. मी वळून बघितलं. तिचे ओठ मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा, गळ्याच्या शिरा टरारलेल्या. कुठल्यातरी पायरीवर तिची छाती एकदाच हलली. मला काचेतून दिसलं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिला बोलता येऊ लागलं. मी विचारलं, "आई, तू ओरडली का नाहीस? मला एक हाक तरी मारायचीस."

"ओरडायला श्वास लागतो," ती म्हणाली. तो तिचा आवाज नव्हता. पत्र्यावर वाळू ओतावी तसा कोणाचातरी होता.

डॉक्टर म्हणाले, येईल थोडाफार परत. तीन आठवडे झाले, अजून आलेला नाही. आता ती फोन उचलते आणि पलीकडून लोक म्हणतात, "नमस्कार, साहेब." पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "चला, एकदाची बढती मिळाली." मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

नाटकाच्या बाईंना मी सांगितलं, माझी डॉक्टरबाई किंचाळणार नाही. बाई मग म्हणाल्या, "बरं. पण मग ती घाबरलीय हे लोकांना कळणार कसं?"



काल आई पुन्हा कामावर रुजू झाली. शाळा सुटल्यावर मी तडक तिकडे गेले. फाटकातून आत शिरल्याबरोबर माझी मान आपोआप वर वळली, त्या नारिंगी पिशवीकडे. मग मी पंपघरात उतरले. वास नव्हता, काही नव्हतं.  खालच्या पायरीपाशी उभी राहिले, मोठा श्वास घेतला, ओठ मिटले आणि दप्तरासकट चढायला लागले. सात, आठ. अकराव्या पायरीला कान भरून आले. पंधराव्या पायरीवर माझं तोंड आपोआप उघडलं.

मान वर केली तर जिन्याच्या तोंडाशी आई उभी होती. कधीची, कोण जाणे. ती खाली उतरली नाही. कठडा तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"कितवी?" तिने विचारलं.

"पंधरावी."



"मी एकोणिसाव्या पायरीवर श्वास घेतला," त्या दुसऱ्याच कोणाच्यातरी आवाजात ती म्हणाली आणि वारा कुठला आहे ते बघायला वळली.