अ‍ॅथलचा हात

हौसेने यंत्रं बनवायला आम्ही जमायचो, त्या शेडमध्ये एक रीत होती. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ज्याने त्याने आपल्या यंत्रातली हवा सोडून द्यायची. टाकीतली, नळ्यांतली, सगळी. आम्ही जन्म खाणीत घालवलेले म्हातारे. कोंडलेल्या हवेवर आमचा विश्वास नव्हता. दुसरी रीत अशी, की आमच्यातला कोणी वारला की त्याचं अर्धवट काम सोडवायचं आणि सुटे भाग सगळ्यांच्या पेटीत टाकायचे.

अ‍ॅथल हवेवर चालणारा हात बनवत होता. एकेका बोटाला एक लांबट फुगा, त्यावर विजेच्या तारांवर चढवतात ती जाळीदार नळी, टोकं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली. हवा भरली की जाळी फुगून आखूड होई, दोरी ओढली जाई आणि बोट मिटे. हवा सोडली की रबरबँडने ते उघडे. बोटं पाइपाच्या तुकड्यांची, हवा कोंडायची-सोडायची तोटी मासे पाळायच्या टाकीची.

पंप होता, पण अ‍ॅथल फुगे तोंडानेच भरायचा. खाणीच्या धुळीने त्याची छाती गेली होती आणि दवाखान्यातल्या नर्सने फुगे फुगवायचा व्यायाम सांगितला होता.

"एका फुंकरीत दोन कामं," तो म्हणायचा.

"थुंकीने रबर कुजेल, म्हाताऱ्या," मी म्हणायचो.

"कुजू दे. सगळेच काय तुझ्यासारखे चिवट असतात, क्लेम?"

एका दुपारी खोकला थांबेना, म्हणून मीच त्याला घरी सोडलं. गडबडीत तोटी बंद राहिली, हवा आतच. तो परत आला नाही.

त्याला पुरून आल्यावर शेडमध्ये चहा-केक झाला. त्याची बायको नोरीन बाकापाशी गेली. हाताची मूठ अजून वळलेली होती. फुग्यातली हवा रात्रभरात उतरते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. नोरीनने त्या मुठीत बोट सरकवलं.

"हा मोडू नका रे. मी घरी नेते."

रीत मोडून मी तिला तो दिला.

त्यानंतर मी तिच्याकडे गेलो की ती स्वयंपाकघरात टेबलाशी असायची, मनगट त्या मुठीत. आधी किटली उचलताना दम लागायचा. मग दारापर्यंत येताना. मग ती उठेचना. ओठ निळसर पडले होते. मूठ मात्र होती तशीच घट्ट.

"नोरीन, खरं सांग. तू फुंकतेस यात?"

"माझ्यात फुंकर उरलीय कुठे?" ती हसली आणि तेवढ्यानेच धापा टाकू लागली. "मी नुसती शेजारी बसते. तो आपला आपणच भरतो."

मी जाळीवर बोट ठेवलं. ती सावकाश वर येत होती, खाली जात होती. नोरीनचा श्वास आत गेला की जाळी बसायची. तिने सोडला की फुगायची.

"तोटी उघडू दे मला."

"मग तो जाईल, क्लेम."

"नाहीतर तू जाशील."

तिने त्या बोटांकडे पाहिलं. "जिता असतानाही तो असाच होता," ती म्हणाली. "माझ्या ताटातलं उचलायचा, विचारायचा नाही." मग डाव्या हाताने तिने स्वतःच तोटी फिरवली.

हवा निघाली ती निघतच राहिली. पाच फुग्यांत मावेल त्याहून किती तरी जास्त. त्या हवेला खाणीतल्या ओल्या दगडाचा वास होता. मध्येच ती अडखळली, कोणी खोकावं तशी, आणि पुन्हा वाहू लागली. एकेक बोट उघडलं. करंगळी सर्वांत शेवटी. नोरीनच्या मनगटावर पाच लाल वळ उमटले होते.

मग नोरीनने श्वास घेतला. पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं, तसा.

"किटली ठेव," ती म्हणाली. "आणि ते घेऊन जा."

मी हात शेडमध्ये आणला आणि रीतीप्रमाणे सोडवायला बसलो. पट्ट्या कापल्या, जाळ्या सोलून काढल्या. आतले पाचही फुगे कधीचेच कुजून गेलेले होते. चिंध्या नुसत्या, एकातही हवा राहणं शक्य नव्हतं.

भाग पेटीत टाकले. त्या पेटीतून अजून कोणी काही घेतलेलं नाही.