वरची, उजवी, पहिली

गेल्या तोंडी परीक्षेत मी उत्तर बरोबर दिलं होतं आणि तरी नापास झाले होते. परीक्षकांनी फक्त "नक्की?" एवढंच विचारलं, आणि मी शेपूट घालून उत्तर बदललं. आता ही शेवटची संधी. ही गेली की दंतवैद्य होणं विसरायचं आणि कॉलेजातून गाशा गुंडाळायचा.

माझे बाबा बस चालवतात. दातांमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण माझा रोग त्यांनी बरोबर ओळखला. "एकदा वळण घेतलं की स्टिअरिंग सोडायचं नाही," म्हणाले, आणि घरात माझा छळ सुरू झाला. मी म्हटलं भाजीत मीठ कमी आहे, की यांचं "नक्की?" मी म्हटलं दार लावलंय, की "नक्की?" शेवटी आई वैतागली. "अहो, पोरीला डॉक्टर करताय की खांब?" पण मी झालेच खांब. कोणी काहीही विचारो, ढिम्म हलायची नाही.

आज टेबलापलीकडे बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी आमचे सर. बाईंनी ट्रेमधली एक काढलेली दाढ माझ्या हातात दिली. "ओळखा."

दाढ पडेल या धाकाने मी ती आधी मुठीतच धरली. मग बोटांत घेतली. तीन मुळं, म्हणजे वरची. आणि आकारावरून पहिली. तेवढं धडाधड सांगून टाकलं.

"बाजू?"

"उजवी."

"नक्की?"

आला! मी मनातल्या मनात बाबांना नमस्कार केला. "नक्की, मॅडम."

"परत एकदा बघा. नीट धरून बघा."

"उजवीच."

सर खोकले. मग जरा मोठ्याने खोकले. मला वाटलं, हेही मला हलवायलाच चाललंय. "वरची, उजवी, पहिली," मी ठणकावून सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला.

त्यांनी माझ्या बोटांतली दाढ घेतली, उलटी केली आणि परत दिली. वरच्या दाढेची मुळं वर असतात. मी ती खाली करून धरली होती, खालच्या दाढेसारखी, आणि तशी धरली की डावी दाढ उजवी वाटते. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे येतं. बाई बिचाऱ्या मला हात देत होत्या आणि मी तो झिडकारत होते.

"डावी," मी पुटपुटले.

"आता समजा, दुखत होती उजवी दाढ, आणि तुम्ही ही काढून बसलात. पेशंट खुर्चीत आहे. काय कराल?"

असा प्रश्न कोणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं, त्यामुळे पाठ केलेलं काही नव्हतं. "त्यांना सांगेन, की मी चुकीची दाढ काढली. ते हो म्हणाले तर मुळांना बोट न लावता ती लगेच जागेवर बसवेन, शेजारच्या दातांना बांधेन. आणि सरांना बोलावेन."

"पेशंटचं तोंड बधिर आहे. त्यांना काही कळलेलंच नाही. गुपचूप बसवून टाकलीत तर?"

"नाही, मॅडम."

"तक्रार करतील. नोकरी जाईल तुमची."

"जाईल." मला रडू आवरेना. नोकरी कसली, इथे परीक्षाच हातची चालली होती. "पण दाढ त्यांची आहे."

सरांनी गुणांचा कागद पुढे ओढला आणि हळूच विचारलं, "पास करून सोडायचं का हिला, मॅडम?"

"या दाढेचे गुण गेले तुमचे," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "डोळे पुसा. खुर्ची जरा पुढे घ्या. माझे अजून प्रश्न आहेत."