तळहातावरचं वजन

दुरुस्तीवाला चार्जर तळहातावर तोलून अस्सल-नकली ओळखायचा. हलका तो नकली, कारण आत भागच कमी. धाकट्या बहिणीने स्वस्तातला आणला, तोही त्याने तोलला.

"चांगला जड आहे. बिनधास्त वापर."

"बघ हं दादा, काही झालं तर तुझीच मानगूट धरीन!"

आठवड्याने, भर दुपारी, तो चार्जर तिच्या उशाशी पेटला. धुराने बहीण झोपेतच गेली.

मेव्हण्याने जळका चार्जर दुकानात आणला. दुरुस्तीवाल्याने तो फोडला. आत नुसतं वजन वाढवायला चिकटवलेला लोखंडाचा तुकडा निघाला. त्याने तो मेव्हण्याच्या हातावर ठेवला.

"मी यालाच अस्सल म्हणालो."

तेवढ्यात दारातून गिऱ्हाईकाने चार्जर पुढे केला. "जरा तोलून सांगा हो."

दुरुस्तीवाल्याला हात पुढे करवेना.